मंडळीत सोबत सेवा करणाऱ्यांशी कसे वागावे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या (आम्ही अजून नगरच म्हणतो) एका मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मी अठरा वर्षे चिटणिसाचे काम केले. या काळात पाळक (चर्चचे धर्मगुरू) बदलले, कमिट्या बदलल्या, पण उपासना सुटल्यावर कडुनिंबाखाली बाजूला घेऊन लोक मला जे विचारत ते प्रश्न फारसे बदलले नाहीत. बहुतेक प्रश्न देवाबद्दल नसायचे, शेजारच्या बाकावर बसणाऱ्या माणसाबद्दल असायचे. त्यांची उत्तरे इथे लिहितो आहे. पवित्र शास्त्रातले अध्याय दिले आहेत, ते बायबल उघडून स्वतः वाचा.

सहसेवकाचा सन्मान करायचा म्हणजे नेमके काय करायचे?

फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायाचा शेवट वाचा, वचने 25 ते 30. पत्र लिहिणारा प्रेषित पौल कैदेत आहे. फिलिप्पैच्या मंडळीने त्याच्यासाठी मदत गोळा केली आणि ती घेऊन एपफ्रदीत नावाचा भाऊ आला. तिथे तो आजारी पडला, अगदी मरता मरता वाचला. आपल्या आजारपणाची बातमी गावी पोहोचली हे कळल्यावर त्याचा जीव घरच्यांसाठी घोटाळायला लागला. शेवटी पौलाने त्याला परत पाठवले.

आता आपल्या गावाच्या नजरेने बघा. मंडळीने पैसे जमवून एकाला सेवेला पाठवले आणि तो मध्येच परत आला. पारावर लगेच सुरू होणार, 'पाठवला होता पौलाच्या मदतीला, आला आजारपणाचं निमित्त सांगून.' पौलाला माणसे माहीत होती. म्हणून कुजबुज सुरू होण्याआधीच त्याने लिहून टाकले: हा माझा भाऊ, माझा सहकारी, माझा सहसैनिक आहे, ख्रिस्ताच्या कामापायी मरणाच्या दारी जाऊन आला आहे, त्याला आनंदाने घ्या आणि अशांना मान द्या. पत्र बहुधा एपफ्रदीतच घेऊन गेला असावा. मंडळीसमोर ते वाचले जात असताना तो कुठेतरी मागे खाली मान घालून बसला असेल, असे मला नेहमी वाटते.

शाल, नारळ, हार यांना माझा विरोध नाही. पण आपल्या सोबत्याच्या नावाला डाग लागेल असे दिसले की वेळेवर चार खरे शब्द बोलणे, हा सन्मानाचा पहिला भाग आहे आणि तो बहुतेक वेळा तो माणूस समोर नसतानाच करावा लागतो. दुसरा भाग पोटाशी आणि झोपेशी संबंधित आहे, त्याबद्दल पुढे लिहिले आहे.

पाळक तर देवाची सेवा करतात. त्यांच्या मानधनाबद्दल बोलणे बरे दिसते का?

न बोलणेच बरे दिसत नाही. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात (5:17-18) चांगली व्यवस्था पाहणाऱ्या वडिलांना (मंडळीच्या वडीलजनांना) दुप्पट मान द्यावा असे म्हटल्यावर पौल पुढच्याच वाक्यात मळणीच्या बैलाला मुसके बांधू नये हे वचन आणतो आणि कामकरी आपल्या मजुरीस योग्य आहे असे सांगतो. म्हणजे मान देताना पोटाचाही विचार करा, हे त्यानेच सांगितले आहे.

काही मंडळ्यांत पगार डायोसिसमार्फत, म्हणजे बिशपच्या कार्यालयातून होतो, काहींत मंडळी स्वतः देते. जिथे मंडळी देते तिथे दरवर्षी एक गोष्ट घडते. मे महिन्यात लोक गावी जातात, बाक रिकामे पडतात, दानार्पणाची थैली हलकी होते, आणि जूनमध्ये पाळकाच्या मुलांची फी भरायची वेळ येते. मग पाळक खजिनदाराच्या घरी जातात, चहा पितात, पावसापाण्याच्या गप्पा मारतात आणि मूळ विषय न काढता परत येतात. मी हे पाहिले आहे. तेव्हा पुढे होऊन बोलायला हवे होते, ते मी बोललो नाही. त्याची खंत अजून आहे.

आमच्या कमिटीने नंतर दोन गोष्टी ठरवल्या. नाताळ आणि कापणीच्या सणाला जे जास्तीचे दान येते त्यातून दोन महिन्यांचे मानधन आधी बाजूला काढायचे. आणि पैसे एक तारखेला खजिनदाराने स्वतः नेऊन द्यायचे किंवा खात्यावर पाठवायचे, पाळकांना मागायला लावायचे नाही. पार्सनेजचे, म्हणजे पाळकांच्या राहत्या घराचे, गळके छप्परही याच हिशेबात धरा. ते मृगाच्या आधी दुरुस्त व्हायला हवे, घरात बादल्या लावल्यावर नव्हे.

पाळकबाईंकडून किती अपेक्षा ठेवावी?

पाळकबाई म्हणजे पाळकांच्या पत्नी. नेमणूक एकाची होते, पण काम दोघांचे गृहीत धरले जाते. महिला मंडळ, रविवारशाळा, आजाऱ्याला भेट, दारात आलेल्या प्रत्येकाला चहा. एका कापणीच्या सणाला लिलाव आटोपला, सगळे फोटोसाठी पायऱ्यांवर उभे राहिले, फोटो निघालाही. पाळकबाई कुठे आहेत म्हणून पाहायला गेलो तर त्या मागच्या मोरीत शंभर माणसांच्या चहाचे पातेले राखेने घासत होत्या, पदर खोचलेला, कोपरापर्यंत काळ्या झालेल्या. फोटो पुन्हा काढा असे त्या म्हणाल्या नाहीत. आम्हालाही सुचले नाही.

ज्या बाईंना सेवेची हौस आहे त्यांना जरूर काम द्या, आणि नावाने द्या. ज्यांची स्वतःची नोकरी आहे किंवा ज्यांना हे सगळे नकोसे वाटते, त्यांच्या भक्तीचे माप काढू नका.

सहसेवकाची चूक दिसली तर गप्प बसावे का?

गप्प बसू नये, पण आधी एकट्याला सांगावे. मत्तय 18:15-17 मधला क्रम बहुतेकांना पाठ असतो: आधी तू आणि तो एकांतात, मग एकदोघांना घेऊन, मग मंडळी. प्रत्यक्षात आपण तो उलटा चालवतो. आधी मंडळीभर होते आणि सगळ्यात शेवटी ज्याची चूक त्याला कळते.

मी स्वतः हे केले आहे. एका तरुणाला शास्त्रपाठ वाचायला दिला होता. त्याने चुकीचा अध्याय उघडला, अर्धा वाचून झाल्यावर लक्षात आले, तो गोंधळला. उपासना सुटल्यावर दारातच, सात-आठ जणांसमोर, मी त्याला म्हणालो, 'घरून एकदा तरी बघून यायचं होतं.' आवाजही चढला नव्हता. पण दुसऱ्या रविवारी तो आला नाही, तिसऱ्याही नाही. महिन्याने मी त्याच्या घरी गेलो. त्याच्या आईने स्टुलावर चहा ठेवला आणि म्हणाली, 'साहेब, त्याने आदल्या रात्री तीनदा वाचून दाखवलं होतं मला. तो कागदावरचा नंबरच चुकीचा होता.' कागद मी लिहिला होता.

मी माफी मागितली. नंतर तो परत येऊ लागला, पण वाचायला उभा राहायला त्याला वर्षाहून जास्त लागले. तेव्हापासून दोष सांगायला जाण्याआधी मी आधी 'काय झालं होतं?' असे विचारतो.

गलतीकरांस 6:1 मध्ये चुकलेल्याला सौम्यतेने ताळ्यावर आणा आणि स्वतःलाही सांभाळा असे सांगितले आहे. त्या दुसऱ्या अर्ध्या वाक्यावर प्रवचन फार कमी वेळा ऐकू येते.

प्रार्थनेच्या ग्रुपवर कुणाची अडचण सांगावी का?

ज्याची अडचण आहे त्याला विचारून. 'अमक्याच्या घरी जरा वाद चालू आहेत, प्रार्थनेत आठवण ठेवा' असा निरोप व्हॉट्सॲपवर पडला की संध्याकाळपर्यंत तो तीन गावांत पोहोचतो, आणि प्रार्थनेपेक्षा फोन जास्त होतात. परवानगी नसेल तर 'एका कुटुंबासाठी' एवढेच लिहा. देवाला नाव माहीत आहे.

दोन सेविकांचे पटत नाही. पाळकांनी एकीला काढावे का?

फिलिप्पैकरांस 4:2-3 मध्ये युवदीया आणि सुंतुखे या दोन बायकांचा उल्लेख आहे. त्यांचे काय बिनसले होते ते पौल सांगत नाही. कुणाची बाजूही घेत नाही. विनंती करण्याचे तेच क्रियापद दोघींसाठी दोनदा वापरतो, युवदीयेला विनंती करतो, सुंतुखेला विनंती करतो, जणू दोघींच्या दारी वेगवेगळा गेला. मग एका सोबत्याला सांगतो, या दोघींना मदत कर, सुवार्तेच्या कामात यांनी माझ्याबरोबर कष्ट केले आहेत, यांची नावे जीवनाच्या पुस्तकात आहेत. भांडण चालू असतानाही तो त्यांचे काम विसरत नाही.

आपल्याकडे एकदा पटेनासे झाले की त्या बाईने वीस वर्षे रविवारशाळा चालवली हे कुणी काढतही नाही. दोघींमध्ये कुणीतरी विश्वासाचे मध्ये बसायला हवे, आणि ती व्यक्ती दोघींच्या नात्यातली नसावी.

आणि खरोखरच जमले नाही तर? वेगळे होणे पाप आहे का?

प्रेषितांची कृत्ये 15:36-41. पौल आणि बर्णबा यांच्यात योहान म्हटलेल्या मार्कावरून कडाक्याचा वाद झाला. मार्क आधीच्या प्रवासात अर्ध्यातून परत गेला होता. पौल म्हणे, नको. बर्णबा म्हणे, घेऊ. शेवटी बर्णबा मार्काला घेऊन कुप्राला गेला आणि पौल सीलाला घेऊन सूरिया-किलिकियाकडे. हे पुस्तक लिहिणाऱ्या लूकाने हे लपवले नाही.

मला महत्त्वाचे वाटते ते त्यानंतरचे. पौल पुढे करिंथकरांना लिहिताना बर्णबाचे नाव घेतो (पहिले पत्र, 9:6), तेही आपल्याच पंक्तीला बसवून, कष्ट करून खाणारे आम्ही दोघे अशा अर्थाने. आणि शेवटच्या काळात तीमथ्याला सांगतो, मार्काला घेऊन ये, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे (दुसरे पत्र, 4:11). ज्याला नको म्हटले त्यालाच बोलावणे धाडले. वेगळे होताना मंडळीचे रजिस्टर, चाव्या, हिशेब नीट सोपवा आणि जुन्या सोबत्याबद्दल नव्या ठिकाणी काही बोलू नका. मग कधीतरी असे बोलावणे येण्याची वाट मोकळी राहते.

पैशाचा किंवा गैरवर्तनाचा आरोप झाला तर सहसेवकाच्या पाठीशी उभे राहायचे की नाही?

पैशाच्या बाबतीत पौलाची पद्धत घ्या. यरुशलेमच्या गरिबांसाठी जमवलेली रक्कम त्याने एकट्याने नेली नाही. मंडळ्यांनी निवडलेला माणूस बरोबर घेतला आणि कारणही दिले, की कुणी आमच्यावर बोट ठेवू नये, देवापुढेच नव्हे तर माणसांपुढेही आमचे वागणे चांगले असावे (2 करिंथ 8:19-21). दानार्पण दोघांनी मोजावे, त्याच टेबलावर लिहून सही करावी, पावती पुस्तक कमिटीपुढे ठेवावे. यात खजिनदारावर अविश्वास नाही. उद्या कुणी बोट दाखवले तर त्याच्या हातात दाखवायला कागद असतो.

वडिलांवरचा आरोप दोन-तीन साक्षीदारांवाचून घेऊ नये, असे तीमथ्याच्या पहिल्या पत्रात आहे (5:19). लोक इथेच थांबतात. पुढचे वचन पाप करणाऱ्यांचा दोष सर्वांसमोर दाखवायला सांगते.

बालकाशी लैंगिक गैरवर्तन झाल्याचे कळले तर मात्र कमिटी, प्रार्थना, समजूत यांपैकी कशातही वेळ घालवायचा नाही. पॉक्सो कायद्याप्रमाणे (2012) अठरा वर्षांखालील मुलाबद्दल अशी माहिती असलेल्या प्रत्येकाने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, न कळवणे हा गुन्हा आहे. चाइल्डलाइन 1098. 'मंडळीचे नाव जाईल' हे वाक्य कुणी उच्चारले तर तिथेच अडवा. ते लेकरूही मंडळीचेच आहे, आणि मत्तयाच्या 18 व्या अध्यायात प्रभूने सगळ्यात कडक शब्द लहानांना अडखळवणाऱ्यांसाठी वापरले आहेत. आरोपी कितीही जवळचा सेवक असो.

पुढे न दिसणाऱ्यांची दखल कशी घ्यावी?

रोमकरांस पत्र कुणी लिहिले असे रविवारशाळेत विचारले की मुले एका सुरात 'पौल' म्हणतात. 16:22 उघडायला लावा. तिथे 'हे पत्र लिहून देणारा मी तर्तियुस' असा स्वतंत्र नमस्कार आहे. पौलाने सांगितले, हात तर्तियुसाचा. त्याच अध्यायाच्या सुरुवातीला किंख्रियाच्या मंडळीतल्या फीबीची ओळख आहे, तिला लागेल ती मदत करा असे सांगितले आहे, कारण तिने पुष्कळांना, खुद्द पौलालाही, मदत केली होती. अख्खा अध्याय नावांनी भरला आहे. उपासनेत तो वाचायला लोक कंटाळतात, मला तो फार आवडतो.

आपल्याकडचे उदाहरण केडगावचे. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणले आणि 5 एप्रिल 1922 ला जगाचा निरोप घेण्याआधी ते काम पुरे केले, हे आपण अभिमानाने सांगतो. पण त्यांच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात त्या पानांचे खिळे (छपाईची सुटी अक्षरे) जुळवणाऱ्या मिशनमधल्याच मुली आणि बाया होत्या. खिळ्यावरचे अक्षर उलटे असते. एकेक अक्षर उलटे ओळखून, उचलून, ओळीत बसवायचे, आणि असे उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत. त्यांची नावे आपल्या तोंडी नाहीत.

तुमच्या मंडळीत सकाळी साडेसातला येऊन सतरंज्या अंथरणारा कोण आहे? प्रभुभोजनाचे पेले कोण धुते? पेटीचा भाता फाटला तेव्हा स्वतःच्या खिशातून कुणी बसवून आणला? वार्षिक अहवालात यांची नावे घाला, आणि नाव बरोबर लिहिले आहे ना ते घरी विचारून घ्या.

सेवक थकला आहे हे कसे ओळखावे आणि काय करावे?

जुन्या करारातल्या पहिले राजे या पुस्तकात (अध्याय 19) एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा लोटा उशाशी ठेवतो, झोपू देतो, उठवून पुन्हा खाऊ घालतो. मंद वाणी त्यानंतर आली.

आमच्या एका पाळकांना सहा गावांच्या उपासना होत्या, मोटारसायकलवर. तरुण संघातल्या मुलांनी महिन्यातून एक रविवार दोन गावे वाटून घेतली, उपासना चालवायला वडीलजन गेले, आणि त्या दिवशी पार्सनेजवर डबा पोहोचवला. इथ्रोने मोशेला हेच सांगितले होते: हे काम तुला भारी आहे, एकट्याने होणार नाही, माणसे निवड (निर्गम 18). चिडचिड, एकच प्रवचन पुन्हा पुन्हा येणे, कुटुंबभेटी टाळणे, ही थकव्याची लक्षणे असू शकतात. त्यावर कमिटीत तक्रार मांडण्याआधी त्यांनी शेवटची सुट्टी कधी घेतली होती ते रजिस्टरात पाहा. सतत झोप उडाली असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर डॉक्टरांकडे सोबत जा. प्रार्थनाही करा, पण डॉक्टरांकडे जाच.

नवा तरुण उत्साहाने बोलतो, पण शिकवण कच्ची आहे. काय करावे?

अपुल्लोस असाच होता, वक्तृत्व उत्तम, माहिती अर्धी. प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला यांनी सभास्थानात त्याला टोकले नाही, आपल्याकडे घेतले आणि देवाचा मार्ग अधिक नीट समजावून सांगितला (कृत्ये 18:26). जेवायला बोलवा. आणि हे लक्षात घ्या की एवढ्या मोठ्या वक्त्याला शिकवणाऱ्या दोघांत एक बाई होती आणि लूकाने तिचे नाव आधी लिहिले आहे.

आपल्या मंडळीबाहेरच्या, दुसऱ्या परंपरेच्या विश्वासूंशी कसे वागावे?

29 नोव्हेंबर 1970 ला नागपूरला उत्तर भारताची मंडळी, आपण सी. एन. आय. म्हणतो ती, स्थापन झाली तेव्हा सहा वेगवेगळ्या परंपरा एकत्र आल्या. काही तान्ह्या बाळांचा बाप्तिस्मा मानणाऱ्या, काही फक्त समजत्या वयातला. कुणालाही आपले सोडायला न लावता दोन्ही पद्धती ठेवल्या गेल्या. एवढ्या मोठ्या प्रश्नावर एका छपराखाली राहता येते, तर शेजारच्या घरसभेत टाळ्या वाजतात म्हणून त्यांना नमस्कार न करण्याचे कारण मला दिसत नाही. फक्त त्यांच्याकडून माणसे ओढू नका, आणि त्यांनी ओढली तर तो विषय व्यासपीठावरून काढू नका, जाऊन बोला.

सोबती माझ्या वेगाने पुढे येत नाही. किती थांबावे?

नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 ला झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई तेव्हा तयार नव्हत्या. काही वर्षे दोघे वेगळे राहिले, पुन्हा एकत्र आल्यावरही त्यांचे सोवळे सुरूच होते, ते हळूहळू सुटले आणि 1900 मध्ये त्यांनी आपल्या मनाने बाप्तिस्मा घेतला. पुढे टिळकांचे अपुरे राहिलेले ख्रिस्तायन हे काव्य त्यांनीच पूर्ण केले. ज्यांच्यासाठी थांबावे लागले, त्यांनीच अर्धे राहिलेले काम तडीस नेले. किती थांबावे याचा आकडा माझ्याकडे नाही, पण एवढी वर्षे थांबण्यासारखे काही असते हे या घरावरून कळते.

मंडळीत अजूनही पूर्वीची जात पाहिली जाते. सेवकाने काय भूमिका घ्यावी?

पाहिली जाते, हे आधी कबूल करावे. कमिटीच्या निवडणुकीत, लग्न जमवताना, आणि कधीकधी स्वयंपाकाला कोण उभे राहणार यातही. याकोबाच्या दुसऱ्या अध्यायात चांगल्या कपड्यातल्याला 'इथे बसा' आणि गरिबाला 'तिथे उभा राहा' म्हणणाऱ्यांना तोंडभर सुनावले आहे. एकाच पेल्यातून प्रभुभोजन घेऊन बाहेर आल्यावर आडनाव विचारून माणूस तोलणे, याला सौम्य शब्द मी वापरणार नाही. कमिटीत असे बोलणे निघाले तर तिथेच, त्याच बैठकीत थांबवा, आणि ज्याच्याबद्दल बोलले गेले त्याला ते नंतर दुसऱ्याकडून कळू देऊ नका.

निवृत्त सेवकांसाठी मंडळीने काय करावे?

निरोप समारंभ छान होतो. त्यानंतरच्या तिसऱ्या महिन्यात कोण जाते ते पाहा. पौलाने अनेसिफराची आठवण काढली ती यासाठी, की त्याला पौलाच्या साखळीची लाज वाटली नाही आणि रोममध्ये त्याने शोधून शोधून त्याला गाठले (2 तीमथ्य 1:16-17).

आमच्याकडे एक वृद्ध बायबलबाई, म्हणजे घरोघर जाऊन बायबल वाचून दाखवणाऱ्या सेविका, होत्या. चाळीस वर्षे वाड्यावस्त्यांवर पायी फिरल्या, शेवटी डोळे गेले. प्रभुभोजनाच्या रविवारी दुपारी पाळक आणि मंडळीतले एकजण भाकर-पेला घेऊन त्यांच्या खोलीवर जायचे. पहिल्या वेळी मी गेलो तेव्हा घाईत शास्त्रपाठ गाळला. त्यांनी हात वर करून थांबवले, म्हणाल्या, 'बाळा, वाचल्याशिवाय नको.' मी स्तोत्र 71 काढले. मला पानावर बघून वाचावे लागत होते, त्या माझ्या अर्धे वचन पुढे होत्या.